पहाऱ्यावरचा फकीर

नागपूरचे ताजुद्दीन बाबा ठाऊक नाहीत असे घर विदर्भात शोधूनही सापडणार नाही. चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी करीत नागपूरला जाणाऱ्या ट्रकच्या कपाळावर, ऑटोच्या काचेवर, पानठेल्याच्या गल्ल्यामागे त्यांची तसबीर हमखास दिसते. वाढलेली दाढी, अंगात लांब कफनी आणि कुठेतरी दूर लागलेली नजर. ऊर्जानगर, दुर्गापूर, घुग्घुस या कामगारांच्या वस्त्यांमधून उरुसाला ताजबागेत जाणाऱ्यांत मुसलमान असतात, तसे हिंदूही असतात. कुणी नवस फेडायला जातो, कुणी नुसता चार घटका बसून येतो.

बाबांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारांना तोटा नाही. त्या कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानाव्यात. पण या कथांच्या गर्दीत त्यांच्या आयुष्याची पहिली सत्तेचाळीस वर्षे झाकली जातात. आणि रमजानच्या महिन्यात आठवावे असे जे आहे ते बहुतेक त्याच वर्षांत आहे. अल्लाहवर भरवसा टाकणे, ज्याला तवक्कुल म्हणतात, त्याचा आपल्याकडे सोपा अर्थ लावला जातो. भरवसा ठेवला की अडलेले काम होते, आजार बरा होतो, मुलाला नोकरी लागते. ताजुद्दीन बाबांच्या बाबतीत भरवसा ठेवल्यावर असलेली नोकरी गेली, इज्जत गेली आणि पुढे सोळा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढावी लागली.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीला झाला. कामठी म्हणजे तेव्हा लष्कराचे गाव. इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली आणि तिच्याभोवती बाजार, मशिदी, विणकरांचे मोहल्ले वाढत गेले. मद्रासकडच्या पलटणी येथे ठेवलेल्या असत. बाबांचे वडील सय्यद बदरुद्दीन अशाच पलटणीत सुभेदार होते. आईचे नाव मरियम बी. बाबा वर्षाचे होते तेव्हा वडील गेले आणि नऊ वर्षांचे झाले तेव्हा आईही गेली. पुढचे पालनपोषण आजीने आणि मामा अब्दुल रहमान यांनी केले.

पोरके झालेल्या मुलाबद्दल इस्लाममध्ये किती हळवेपणाने बोलले गेले आहे हे सांगायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. कामठीच्या या घरानेही नातवाला, भाच्याला काही कमी पडू दिले नाही. त्याला मदरशात घातले. अरबी, फारसी, उर्दू आणि थोडे इंग्रजीही तो शिकला. मदरशातली एक गोष्ट त्यांच्या सगळ्या चरित्रांत येते. कामठीत हजरत अब्दुल्ला शाह कादरी नावाचे एक बुजुर्ग होते. ते एकदा मदरशात आले, या मुलाकडे बघत राहिले आणि उस्तादांना म्हणाले की याला शिकवण्याचे कष्ट कशाला घेता, हा शिकूनच आला आहे. मग त्यांनी आपल्या हातचा खाऊ मुलाला भरवला. त्या दिवसापासून मुलाचे खेळण्यात मन लागेना, तो एकटा राहू लागला, असे सांगतात. घरच्यांना याचा आनंद झाला असेल की काळजी वाटली असेल? बहुधा काळजीच. सुभेदाराच्या मुलाने पुढे सुभेदार व्हावे ही साधी अपेक्षा कोणत्याही आजीची असणार.

नंतर घरावर आणखी एक घाव बसला. कन्हानला पूर आला आणि घरची चीजवस्तू वाहून गेली. आता दोन्ही कर्त्या पुरुषांना बाहेर पडणे भाग होते. चरित्रकार सांगतात की मामांनी जंगलखात्यात नोकरी धरली आणि ते रेंजर म्हणून चांद्याला आले. चांदा म्हणजे आपले आजचे चंद्रपूर. तेव्हा हा जिल्हा खाली सिरोंचापर्यंत पसरलेला होता आणि अल्लापल्ली-अहेरीच्या सागवानावर सरकारची नजर होती. जंगलाची हद्द आखणे, तोड मोजणे, वणवा आवरणे हे रेंजरचे काम. हिवतापाचा मुलूख म्हणून इकडे बदली झाली की लोक कपाळाला हात लावत. तरी सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी. भाच्याने बापाची वाट धरली. वयाच्या विसाव्या वर्षी, १८८१ मध्ये, ताजुद्दीन पलटणीत शिपाई झाले.

इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे चालले होते. पलटण हिंडत हिंडत १८८४ मध्ये सागरला गेली. बुंदेलखंडातल्या या गावी हजरत दाऊद मक्की यांची मजार आहे. दिवसाची कवायत आणि पहारा आटोपला की हा तरुण शिपाई रात्री तिकडे जाऊ लागला. तो जागरण करी, जिक्र करी आणि पहाटे परत येई. एक रात्र, दोन रात्री नव्हे, असे महिनोन्महिने चालले.

ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढलेल्यांना रात्रपाळी म्हणजे काय ते वेगळे समजावून द्यायला नको. वीज केंद्राचा बॉयलर सणवार ओळखत नाही. रमजानमध्ये सहरीचा डबा घेऊन कामावर गेलेला माणूस सकाळी घरी येतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात आणि तरीही त्याला फजरची नमाज अदा केल्याशिवाय आडवे व्हावेसे वाटत नाही. एक महिना हे निभते, कारण सगळा मोहल्ला सोबत असतो, घरात सगळेच जागे असतात. ताजुद्दीन एकटे होते, आणि त्यांचा हा रमजान बारा महिन्यांचा होता.

बातमी कामठीला पोचली. मुलगा रात्री छावणीत नसतो, कुठेतरी जातो. तरुण शिपाई रात्री बाहेर जातो म्हटल्यावर आजीच्या मनात काय आले असेल ते सहज समजण्यासारखे आहे. म्हातारी सागरला आली. रात्री नातवाच्या मागोमाग गेली आणि मजारीजवळ त्याला इबादतीत बसलेले पाहिले. सकाळी तिने त्याला जेवायला वाढले तेव्हा त्याने हातातले खडे दाखवून आपण हेच खातो असे काहीतरी तिला सांगितले, अशी कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, त्या सकाळी आजीला कळले की हा मुलगा आता आपल्या हातात राहिलेला नाही. ती त्याला न रागावता परत गेली. या चरित्रात पुढे राजे येतात, डॉक्टर येतात, हजारो लोक येतात. पण काहीच न समजता ज्या पहिल्या माणसाने त्यांच्यावर विश्वास ठेवला ती ही म्हातारी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

छावणीतही कुजबुज झाली. पहाऱ्यावर असलेला शिपाई मजारीपाशी दिसला अशी तक्रार साहेबाकडे गेली. भाविक सांगतात की साहेबाने स्वतः जाऊन पाहिले तर बाबा पहाऱ्यावरही होते आणि मजारीपाशीही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एवढेच घ्यावे की पहाऱ्यात चूक सापडली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारपूस केली तेव्हा ताजुद्दीन यांनी आपला पट्टा आणि सामान त्याच्या पुढ्यात ठेवले. दोन दोन चाकऱ्या आपल्याने होत नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि ते छावणीतून बाहेर पडले.

येथे जरा थांबले पाहिजे. नोकरी सोडणे हा काही तवक्कुलचा नियम नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितले होते, ही हदीस मशिदीत जाणाऱ्या लहान मुलालाही माहीत असते. हलाल कमाई ही इबादतच आहे. बाबांच्या नावाने कामधंदा टाकून दर्ग्याच्या पायरीवर बसणाऱ्यांनी त्यांची ही गोष्ट आपल्या बाजूने लावू नये. ताजुद्दीन यांनी नोकरी सोडली ती आळसापोटी नाही. ती त्यांना जमत होती, पहाऱ्यात कसूर नव्हती आणि पुढे बढतीही मिळाली असती. आपल्याला कुणीतरी बोलावले आहे हे त्यांना आतून इतके स्पष्ट होते की दोन्ही हुकूम पाळण्याचे नाटक त्यांना करता आले नाही.

आणि बोलावणाऱ्याने पुढे काय दिले? सागरच्या रस्त्यावर भटकंती दिली आणि कामठीत दगड दिले.

घरच्यांनी त्यांना कामठीला आणले. वेड लागले असे समजून हकीम झाले, डॉक्टर झाले, दुवा-ताईत झाले. काही गुण येईना. बाबा रस्त्याने फिरत, कधी हसत, कधी कुणालाच उद्देशून नसलेले काही बोलत. मुले मागे लागत, खडे मारत. ज्या गावात बाप सुभेदार होता त्याच गावात मुलाची अशी गत झाली. बाबा कुणाला उलटून मारत नसत, शिवीही देत नसत. हळूहळू काही लोकांना वाटू लागले की त्यांच्या तुटक बोलण्यात अर्थ असतो. मग त्रास दुसऱ्या दिशेने सुरू झाला. दगडांच्या जागी माणसांची रीघ लागली. कुणाला मूल हवे होते, कुणाला कोर्टातल्या दाव्याचा निकाल आधी जाणून घ्यायचा होता.

एक दिवस ते अंगावर कपडे नसताना छावणीतल्या गोऱ्या लोकांच्या खेळाच्या जागेत गेले. मडमा तेथे होत्या. मोठा गहजब झाला. भाविकांच्या म्हणण्याप्रमाणे बाबा आदल्या दिवसांत आपण आता पागलखान्यात जाणार असे लोकांना सांगत होते, म्हणजे गर्दीपासून सुटण्याची वाट त्यांनीच काढली. सरकारी नजरेला मात्र हे उघड वेड होते. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तेव्हा त्यांचे वय होते एकतीस.

या घटनेवर धार्मिक माणसाला अवघडल्यासारखे होते, आणि ते झालेच पाहिजे. इस्लाममध्ये सतर झाकणे फर्ज आहे, नमाज कुणाला माफ नाही. मग अशा माणसाला वली कसे म्हणायचे? जुन्या सूफी परंपरेत याचे उत्तर मज्जूब या शब्दात दिले आहे. मज्जूब म्हणजे जो ओढला गेला, ज्याचे भान हरपले. भान असलेल्या माणसाचे नियम भान नसलेल्याला लागत नाहीत. झोपलेला, लहान मूल आणि बुद्धी गेलेला यांच्या नावे हिशेब लिहिला जात नाही, हे शरियतचेच सूत्र आहे. पण त्याच परंपरेने दुसरी बाजूही तितक्याच कडकपणे सांगितली आहे. मज्जूबाचा आदर करावा, त्याची नक्कल करू नये. बाबांनी स्वतः कुणाला नमाज सोडायला सांगितले नाही. उलट पुढे जेथे ते राहिले तेथे नमाजासाठी जागा नेमून दिली.

वेडा हा शब्द तसा नवा नव्हता. मक्केच्या सरदारांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना हाच शब्द वापरला होता आणि कुरआनने त्याला उत्तर दिले आहे. बाबांची तुलना प्रेषितांशी कुणी करणार नाही. एवढेच की जग ज्या तराजूत माणूस तोलते त्या तराजूत देवाचा हुकूम मानणारा बहुतेक वेळा हलकाच भरतो. मुलाच्या गळ्यावर सुरी ठेवायला निघालेले हजरत इब्राहीम (अ.) त्या डोंगरावर कुणाला दिसले असते तर त्याने काय म्हटले असते? तान्ह्या मुसाला (अ.) नदीत सोडणाऱ्या आईला काय म्हटले असते?

नागपूरच्या त्या इस्पितळावरून पडलेले पागलखाना चौक हे नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. एकोणिसाव्या शतकातले वेड्यांचे इस्पितळ म्हणजे उपचाराची जागा कमी आणि कोंडून ठेवण्याची जागा अधिक. आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. उंच भिंती, कुलपे, ठरलेला घास आणि ओरडणारी माणसे. सोळा वर्षे म्हणजे सोळा रमजान. बाहेर १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला, मध्य प्रांतात माणसे भुकेने मेली, प्लेग आला, राणी व्हिक्टोरिया गेली. भिंतीच्या आत बाबा होते.

आणि येथे गोष्ट कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे घडली नाही. लोकांपासून दूर ठेवण्यासाठी ज्यांना आत टाकले, त्यांच्यासाठी लोक इस्पितळाच्या दारात जमू लागले. आत काम करणारे डॉक्टर आणि शिपाई त्यांना आधी रोगी म्हणून पाहत होते, मग आदराने पाहू लागले. बाबा इतर रोग्यांमध्ये बसत, त्यांच्याशी बोलत, त्यांच्या वाट्याचे काम करत. ज्या माणसांना घरच्यांनी टाकले होते, ज्यांच्याकडे कुणी भेटायला येत नव्हते, त्यांच्या अंगणात आता रोज भेटणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. हजरत यूसुफ (अ.) निरपराध असून वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले आणि कैद्यांना स्वप्नांचे अर्थ सांगत राहिले. सुटकेची खटपट त्यांनी केली, पण सुटका झाली ती तिच्या वेळेलाच. बाबांनी तर सुटकेची खटपटही केली नाही.

खटपट केली ती एका राजाने. त्याला राजा म्हणायचे तेही मानाने, कारण नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्येच इंग्रजांनी खालसा केले होते. गादी गेली होती, वाडा आणि मान उरला होता. त्या घराण्यातले राजे रघुजीराव भोसले बाबांना इस्पितळात भेटायला येत. त्यांनी सरकारकडे अर्ज केला, बाबांची जबाबदारी स्वतःवर घेतली, जामीन दिला. २१ सप्टेंबर १९०८ रोजी बाबा इस्पितळातून बाहेर आले. हत्ती-घोडे लावून राजांनी त्यांना मिरवत सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले असे सांगतात. कामठीचा वेडा मराठा राजाच्या घरी राहायला गेला.

राज्य गेलेला राजा आणि सगळे सोडलेला फकीर. या दोघांचे नाते नीट तपासून लिहायला हवे होते. ते अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. रघुजीरावांनी धर्म बदलला नाही, बाबांनी तसे कधी सुचवलेही नाही. वाड्यात देवपूजा चालू होती आणि त्याच आवारात फातेहाही होत होता. १९२३ मध्ये नागपुरात मशिदीसमोरच्या वाद्यांवरून वातावरण पेटले, दिंड्या निघाल्या, डोकी फुटली. त्या दिवसांतही भोसल्यांच्या आवारात मुसलमान फकिराच्या दर्शनाला दोन्ही समाजांचे लोक येत होते. शहराच्या एका टोकाला एक इतिहास घडत होता आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. पाठ्यपुस्तकांत पहिलाच येतो.

मधली काही वर्षे बाबा वाकीला होते. सावनेर तालुक्यातले हे छोटे गाव, पुन्हा त्याच कन्हानच्या काठी, जिच्या पुराने त्यांचे घर मोडले होते. तेथील काशीनाथराव पाटील यांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. वाकीत बाबांनी एक गमतीची व्यवस्था लावली. एका जागेला दवाखाना म्हटले, एका जागेला मदरसा, एका जागेला मशीद. दवाखान्यात डॉक्टर नाही, मदरशात उस्ताद नाही. वर झाडाची सावली आणि खाली माती. आजारी माणूस आला की त्याला दवाखान्यात जाऊन पडायला सांगत, परीक्षेत नापास होणारा मुलगा आला की मदरशात बसायला सांगत. लोक बसत. त्यातले किती बरे झाले आणि किती पास झाले याची नोंद कुणी ठेवली नाही. पण उपचाराच्या नावाखाली ज्याला सोळा वर्षे कुलपात ठेवले, त्याने स्वतः दवाखाना काढला तेव्हा त्याला भिंत ठेवली नाही आणि दारही ठेवले नाही.

पुढे राजांच्या आग्रहाने ते परत नागपूरला आले. शेवटची वर्षे सक्करदऱ्यात गेली. त्यांच्यासाठी घोडागाडी होती. ती कोणत्या वेळी निघेल आणि कोणत्या रस्त्याला वळेल हे गाडीवानालाही माहीत नसे. रस्त्याच्या कडेला लोक वाट पाहत उभे राहत. कुणी हार घाली, कुणी पाया पडे, कुणी भाकरी पुढे करी. बाबांना यातले काय कळत होते आणि काय नाही, यावर त्यांना पाहिलेल्या लोकांतही एकमत नव्हते. मानाने ते फुलले नाहीत, जसे दगडांनी खचले नव्हते. याविषयी मात्र सगळे एकच सांगत.

१९२५ च्या पावसाळ्यात त्यांची तब्येत ढासळली. राजांनी डॉक्टर आणले. १७ ऑगस्टला, मुहर्रमच्या २६ तारखेला, सक्करदऱ्यात त्यांचे निधन झाले. बातमी पसरली तशी कामठीतून, खेड्यांतून, दूरदूरच्या गावांतून माणसे चालत निघाली. जनाज्याला खांदा द्यायला जी गर्दी लोटली तिच्यात, कामठीच्या रस्त्यावर लहानपणी त्यांना खडे मारलेली आणि आता केस पिकलेली माणसेही असतील.

त्यांना उमरेड रस्त्यावर, तेव्हा गावाबाहेर असलेल्या मोकळ्या जागेत दफन केले. तिलाच आज ताजबाग म्हणतात. गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीडहून भिवापूर-उमरेडमार्गे नागपुरात शिरणारी एसटी त्याच बाजूने येते. रमजानमध्ये संध्याकाळची गाडी असली की खिडकीतून दर्ग्याचा घुमट दिसतो, रोजेदार प्रवासी रुमालातल्या खजुरा बाहेर काढतात, एखादी शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतात आणि मगरिबच्या अजानकडे कान लावून बसतात.